अर्धा हात उशिरा

मास्तरांच्या ‘चूक’ या शब्दाच्या कथा शाळेत वर्षानुवर्षं चालत आलेल्या होत्या. शाळेचं घड्याळ चार मिनिटं पुढे पळायचं. एकदा मास्तरांनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, ‘चूक’ म्हणाले, आणि त्या दिवसापासून घड्याळ सुतासारखं सरळ आलं म्हणतात. शेजारच्या वर्गात भूगोलाचा पेपर लिहिणाऱ्या एका मुलाने भिंतीपलीकडून तो शब्द ऐकला आणि स्वतःचं बरोबर उत्तर खोडून टाकलं. घड्याळाची गोष्ट खोटी असेलही. पण तो खोडलेला पेपर शिपायाने डोळ्यांनी पाहिला होता, आणि शिपाई खोटं बोलत नसे, फार तर थोडं वाढवून सांगे.

एकतीस वर्षं गणित शिकवून मास्तरांना चूक होण्याच्या आधीच दिसायला लागली होती. फळ्यापाशी उभा असलेला मुलगा आता हातचा विसरणार, हे त्यांना त्याच्या कोपरावरून कळे. आणि कळलं की शब्द तोंडातून सुटलेलाच. मुलं पाठीमागे त्यांना ‘टाचणी’ म्हणत. माणूस वाईट नव्हता. हात कधी कुणावर उगारला नाही, कुणाचा अपमान करून घरी हसत बसला नाही. चूक पुढे जाऊ देणं म्हणजे पोराला निखाऱ्यावरून चालू देणं, असं त्यांना मनापासून वाटे. निखारा दिसला की ओरडायचं, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

घरात माणसं तीन. मास्तर, त्यांची धाकटी बहीण आणि बहिणीची तेरा वर्षांची मुलगी. मुलीचे वडील ती पाळण्यात असतानाच गेले, तेव्हापासून मायलेकी मास्तरांकडे. बहीण इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला. दिवसभर वाफ आणि चादरी. मुलीला सगळे भिंगरी म्हणत, कारण लहानपणी ती एका जागी कधी सापडली नाही. नवव्या वर्षी आजार झाला आणि सहा महिन्यांत दोन्ही डोळे गेले. त्यानंतरही ती एका जागी सापडत नसे, फक्त गुडघ्यांवरच्या खुणा वाढल्या.

त्या शाळेत एक जुना रिवाज होता. ज्याला दिसत नाही त्या मुलाला सातवीनंतर गणितातून सूट मिळे. गणिताच्या तासाला त्याने खालच्या खोलीत बसून खुर्च्यांना वेत विणायचा. या सवलतीच्या कागदावर गणिताच्या शिक्षकाची शिफारस लागे. भिंगरीच्या कागदावर ती मास्तरांनी लिहिली. चाळीस पोरांसमोर भाची चाचपडेल, चुकेल, आणि आपल्याला तो शब्द उच्चारावा लागेल, या कल्पनेनेच त्यांनी तो कागद घाईने भरून टाकला होता.

तिसऱ्या दिवशी जेवताना भिंगरी म्हणाली, “मामा, मला गणित येत नाही असं तुला कुणी सांगितलं?”

“येतं गं. पण उगाच त्रास कशाला?”

“त्रास मला होणार होता ना? मग तू कशाला घाबरलास?”

मास्तरांनी पाण्याचा पेला उचलला आणि रिकामाच तोंडाला लावला.

अशा मुलांना बारावीपर्यंत गणित शिकवणारी एक निवासी शाळा दूरच्या गावात होती. तिथे आकडे बोटांना कळतील असे उठावाचे असत. वर्तुळं दोऱ्याने आणि खिळ्यांनी काढत. जागा कायम भरलेल्या. मात्र पोहणाऱ्यांसाठी चार जागा राखीव होत्या, आणि त्यांची अट एकच: शंभर मीटर, एक मिनिट चाळीस सेकंदांच्या आत. चाचणी वर्षातून एकदा आणि वयाची मर्यादा चौदा. डोळे गेले त्या वर्षीच हे कळलं होतं, आणि तेव्हापासून भिंगरीने तलाव धरला होता. तीन वर्षांत ती एक मिनिट अडतीसवर आली होती. सगळं जमून आलं होतं, आणि चाचणीला तीन आठवडे उरलेले असताना धुलाईघरातल्या ओल्या फरशीवर तिच्या आईचा पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं.

आता आईचं मनगट आणि मुलीचं पोहणं यांचा संबंध काय, तर तो असा. दिसत नसलेल्या पोहणाऱ्याला भिंत कधी येते ते कळत नाही. म्हणून तलावाच्या दोन्ही टोकांना एकेक माणूस लांब काठी घेऊन उभा राहतो. काठीच्या टोकाला स्पंजचा गोळा. पोहणारी जवळ आली की त्या गोळ्याने डोक्यावर एकदा टेकवायचं. ती खूण मिळाली की तिने पाण्यात कोलांटी घ्यायची आणि भिंतीला दोन्ही पाय रेटून उलट सुटायचं. नियमांच्या पुस्तकात या माणसाला मोठं नाव आहे. तलावावर त्याला नुसतं ‘काठी’ म्हणत. शर्यतीत काठीने बोलायचं नाही. एक अक्षर तोंडातून गेलं तरी पोहणारी बाद. एका टोकाला कोचबाई उभ्या राहत, दुसऱ्या टोकाला तीन वर्षं भिंगरीची आई.

“दुसरं कुणी मिळणार नाही तीन आठवड्यांत,” कोचबाई म्हणाल्या. बाई ठेंगण्या, पाण्याने केस पिंगट झालेले, आवाज बसका. “मास्तर, तुम्हीच उभे राहा.”

“मला पोहता येत नाही.”

“पोहायचंय कुणाला? एकदा टेकवायचं आणि गप्प बसायचं.”

“टेकवणं जमेल त्याला,” बहीण गळ्यात अडकवलेला हात सावरत म्हणाली. “दुसऱ्याचं काय ते बघा.”

पहिल्याच सकाळी घोळ झाला. मास्तर काठावर उभे. हातात मासेमारीची जुनी काठी, टोकाला सोफ्याचा स्पंज. भिंगरी समोरून आली ती पाणी कापत, डोकं खाली, सरळ भिंतीवर. आपटली, आता आपटली! काठी आपोआप खाली गेली. भिंगरीने खूण मिळताच कोलांटी घेतली, पाय झाडले, आणि पाय रिकाम्या पाण्यात गेले. भिंत अजून चांगली हातभर लांब होती. ती जागच्या जागी बुडाली, वर आली, आणि खोकत म्हणाली, “मामा, भिंत कुठाय?”

दुसऱ्या फेरीला तेच, तिसऱ्यालाही. चौथ्या फेरीला तिने खुणेवर विश्वास ठेवणंच सोडलं. खूण मिळाली तरी कोलांटी न घेता हात पुढे करून ती चाचपडत भिंतीपर्यंत गेली. कोचबाईंनी घड्याळ बघितलं. एक मिनिट सत्तेचाळीस.

घरी जाताना भिंगरी आईचा डावा हात धरून पुढे चालली होती. मास्तरांचा हात तिने त्या दिवशी मागितला नाही.

मास्तर हरणाऱ्यातले नव्हते. रात्रीचं जेवण आटोपून त्यांनी चौकड्यांची वही काढली. भिंगरीच्या हाताची लांबी, तिचा वेग, काठीची लांबी, सगळं मांडलं. दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत विज्ञानाच्या शिक्षकांना पट्टी सोडायला लावून, ती चिमटीत पकडायला आपल्याला किती वेळ लागतो तेही मोजलं. पट्टी पकडता पकडता मुख्याध्यापक आत आले आणि काही न बोलता परत गेले. उत्तर आलं: भिंतीपासून एक मीटर बासष्ट सेंटिमीटर. मास्तरांनी फीत लावून मोजलं आणि मार्गिकेच्या दोरीला त्या जागी लाल लोकरीचा धागा बांधला. डोकं धाग्यापाशी आलं की टेकवायचं. भीतीला वावच नाही.

पहिले दोन दिवस झकास गेले. तिसऱ्या दिवशी धागा तिथेच, डोकं तिथेच, ठोका तिथेच, आणि भिंगरी कोलांटीतून बाहेर आली ती टाच धरूनच. टाच काठाच्या कडेवर आपटली होती. पुढच्या फेरीला परत पायाला भिंत लागली नाही.

“असं कसं?” मास्तर वही उघडून उभे राहिले. “एक बासष्ट म्हणजे एक बासष्ट!”

कोचबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. “मास्तर, पोर आहे ती, बस नाही थांब्यावर थांबायला. कधी धाग्यापाशी तिचा हात पुढे असतो, कधी मागे. कधी ती दमलेली असते, कधी चिडलेली. तुम्ही दोरीकडे बघताय. तिच्याकडे कोण बघणार?”

“मी तिला लागू नये म्हणून—”

“लागू दे ना थोडं!” बाईंचं हसू गेलं. “भिंत यायच्या आधीच वळ म्हणालात, तर पाय रेटायला तिच्याकडे राहतं काय? सुटायचं तर ढकलायला भिंत लागते, मास्तर. तुम्ही रोज तिची भिंत काढून घेताय.”

भिंगरी काठाला धरून ऐकत होती. टाचेतून थोडं रक्त येत होतं. ती हळूच म्हणाली, “घरी पण हेच करतो तो. उत्तर सांगून टाकतो, गणित मला देतच नाही.”

मास्तरांनी वही मिटली.

त्या दिवशी तलाव रिकामा झाल्यावर बहिणीने एक विचित्र हट्ट धरला. ती मास्तरांना म्हणाली, “दादा, शर्ट काढ आणि उतर पाण्यात.”

“वेडी का काय तू?”

“कमरेएवढंच आहे इकडे. बुडणार नाहीस. आणि हा चष्मा घाल.” तो भिंगरीचा पोहण्याचा चष्मा होता, काचा आतून काळ्या रंगवलेल्या. नियमच होता तसा, म्हणजे कुणाला थोडंफार दिसत असलं तरी सगळे सारखे.

छप्पन्न वर्षांचे मास्तर, तलावाची भाड्याची चड्डी घालून, काळा चष्मा चढवून पाण्यात उतरले. मुख्याध्यापक तिथे नव्हते हे शाळेचं नशीब. बहीण डाव्या हातात काठी घेऊन काठावर उभी राहिली. “चाल आता सरळ. जोरात चालायचं, चाचपडायचं नाही. डोक्यावर टेकलं की समज भिंत आली, आणि गिरकी घेऊन पाठीने तिला रेटा दे.”

मास्तर चालू लागले. दहा पावलांत त्यांना कळेना आपण सरळ जातोय की तिरपे. पाण्याचा आवाज सगळीकडून सारखाच येत होता. डोक्यावर स्पंज टेकला. ते गर्रकन वळले, पाठ मागे टाकली, आणि मागे काहीच नव्हतं. पाणी नाकातोंडात गेलं. उठून त्यांनी हात फिरवला. इकडे काही नाही, तिकडे काही नाही. भिंत आहे म्हणून सांगितलेल्या जागी भिंत नव्हती. भिंतीवर आपटण्याची भीती त्यांना माहीत होती; पण ही दुसरी जात होती. आपटणारा निदान कुठे आहे ते त्याला कळतं.

“अगं कुठे आहे?” ते ओरडले. आवाज त्यांना स्वतःलाच परका वाटला.

“आहे अजून. चाल पुढे.”

बहिणीने असं तीनदा केलं, तिन्ही वेळा मुद्दाम लवकर. तिसऱ्या वेळी मास्तर वळलेच नाहीत. हात पुढे करून, पाय घासत, एकेक वीत पुढे सरकत भिंतीपर्यंत गेले आणि तिला धरून उभे राहिले.

“का रे वळला नाहीस?”

“तुझा भरवसा काय?” मास्तर धापा टाकत म्हणाले.

बहीण काठावर उकिडवी बसली. “लहानपणी तू माझे पाढे घ्यायचास, आठवतं? मी बारा साते म्हणायचे आणि तू चौऱ्याऐंशी म्हणून मोकळा. मला येत होतं दादा. यायला थोडा वेळ लागत होता, एवढंच. मग मी म्हणायचंच सोडलं. तू म्हणणारच होतास.”

“बोलली नाहीस कधी.”

“तू बोलू दिलंस तेव्हा ना!” ती हसली. मग काठी पाण्यात हलवत म्हणाली, “पोरीचं म्हणशील तर मी काही मोजत नाही. ती जवळ आली की मी तिच्या खांद्याकडे बघते. शेवटचा हात ती जरा लांब टाकते. थकली असली तर कमी, पण टाकतेच. तो हात पाण्यात शिरला की टेकवायचं. ती मला सांगते, आणि मग मी तिला सांगते.”

मास्तरांनी काळा चष्मा काढला. उजेड डोळ्यांना टोचला. “परत एकदा टेकव,” ते म्हणाले. “या वेळी बरोबर.”

दुसऱ्या दिवशी आठवीच्या वर्गात एक घटना घडली, जिची कथा शिपाई अजून सांगतो आणि दर वेळी तिच्यात चार मुलं जास्त बेशुद्ध पडतात. खरं घडलं ते एवढंच. एक मुलगी फळ्यापाशी समीकरण सोडवत होती. दुसऱ्याच पायरीला उण्याचा अधिक झाला. सगळा वर्ग शब्दाची वाट बघू लागला. शब्द आला नाही. मुलीने मागे वळून पाहिलं. मास्तर टेबलाच्या कडा दोन्ही हातांनी घट्ट धरून उभे होते, कपाळावर घाम. वर्गप्रमुख पाणी आणायला धावला. मास्तरांनी मानेनेच ‘पुढे’ म्हटलं. मुलगी पुढे गेली, तिसरी पायरी, चौथी, आणि शेवटी उत्तर आलं: बागेची रुंदी उणे सहा मीटर. ती थांबली. खडू हातात तसाच. “उणे सहा मीटरची बाग?” ती स्वतःशीच म्हणाली. मग पाचवीवरून चौथीवर, चौथीवरून तिसरीवर अशी उलट चालत गेली, दुसरीपाशी थबकली, आणि “अय्या” म्हणून तळहाताने ते चिन्ह पुसलं.

मास्तर खुर्चीवर बसले. त्या चार पायऱ्या त्यांना चार मजल्यांसारख्या गेल्या होत्या. मुलीच्या पाठीकडे बघताना एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली आणि ती काही सुखाची नव्हती. एकतीस वर्षांत किती पोरांना त्यांनी उलट चालत येऊ दिलं होतं? हिशेब लागेना. खालच्या खोलीत त्या तासाला भाची वेत विणत होती.

पुढचे दहा दिवस मास्तर पहाटे तलावावर, दिवसा शाळेत आणि संध्याकाळी पुन्हा तलावावर. धागा त्यांनी स्वतः कापून टाकला. पहिल्यांदा धाग्याविना उभे राहिले तेव्हा पुन्हा हातभर लवकर टेकवलं. मग पाऊण हात, मग अर्धा. भिंगरी प्रत्येक फेरीनंतर वर येऊन निकाल देई: “लवकर.” “लवकर.” “अगदीच लवकर, मामा, मी काय काचेची आहे?” एका संध्याकाळी तिने खांदा टाकला, शेवटचा लांब हात पाण्यात शिरला, काठी खाली गेली, आणि तिचे दोन्ही तळवे भिंतीवर असे बसले की काठावर उभ्या मास्तरांच्या पायांना हादरा जाणवला. ती पाण्याखालून बाणासारखी गेली. परत आली तेव्हा तिने अंगठा वर केला, तोही चुकीच्या दिशेला. मास्तर काठीकडे बघत राहिले.

शेवटच्या सरावाला एक मिनिट एकोणचाळीस लागलं. अटीच्या आत एक सेकंद.

चाचणीचा तलाव मोठ्या शहरातला होता. छत उंच, आवाज घुमणारा, पाणी निळं आणि अनोळखी. सोळा मुलं, चार जागा. भिंगरीची पाळी आठवी. कोचबाई सुरुवातीच्या टोकाला, मास्तर पलीकडच्या. चार फेऱ्या; म्हणजे मास्तरांच्या वाट्याला दोन ठोके, पहिल्या फेरीचा आणि तिसऱ्या फेरीचा. भिंगरीची आई मधल्या बाकावर, प्लास्टरमधल्या हातावर दुसरा हात ठेवून.

शिट्टी झाली. भिंगरी झेपावली. सगळं छत दणाणत होतं, पण पाण्यावर ओणवं उभ्या मास्तरांना फक्त तिच्या हातांचा आवाज येत होता. आली. खांदा. लांब हात. ठोका. पाय भिंतीवर धाडकन बसले आणि ती गेली. मास्तरांनी श्वास सोडला.

पलीकडे कोचबाईंचा ठोका झाला आणि ती तिसऱ्या फेरीला वळली. अर्ध्यावर आल्यावर ती तिरपी होऊ लागली. उजवा हात दोरीला घासला. पुन्हा घासला. मास्तरांच्या तोंडात तो शब्द येऊन उभा राहिला, दातांवर आपटला. त्यांनी ओठ इतके आवळले की रक्ताची चव आली. एक अक्षर गेलं की संपलं. ती स्वतःच सावरली, दोरीपासून सुटली, पण त्या घासण्यात तिची लय मोडली होती. हात आखूड पडत होते. जवळ आली. खांदा वर आला, हात पाण्यात शिरला. हा शेवटचा? की याच्यानंतर लांब हात येणार? लांब वाटत नाही. थांब. घाई करू नकोस, मास्तरांनी स्वतःला बजावलं. तिची भिंत काढून घेऊ नकोस. थांब.

आणि तिची बोटं भिंतीला लागली.

काठी टेकली तेव्हा उशीर झाला होता. तोवर तिचा हात मनगटात दुमडला होता. ती वेडीवाकडी वळली, गुडघे छातीशी आले, आणि पायांनी भिंत ढकलली ती ओझं सरकवल्यासारखी. मग ती गेली.

त्यानंतर मास्तरांना काही काम नव्हतं. शेवटची फेरी त्यांच्या टोकाची नव्हती. पंचवीस मीटर लांब जाणाऱ्या त्या दोन टाचांकडे बघत ते नुसते उभे राहिले. पलीकडे घड्याळ होतं, पण आकडे इकडून वाचता येत नव्हते. तिने भिंतीला हात लावला. मास्तरांनी बहिणीकडे पाहिलं. बहिणीने डोळे मिटले होते.

तलावाच्या कडेने ते चालत गेले. पंचवीस मीटर. लहान मुलालाही पोहता येईल एवढं अंतर, पण मास्तरांना त्या दिवशी पुरता एक जन्म लागला. भिंगरी काठावर बसली होती, खांद्यावर टॉवेल, बोटं काखेत दाबलेली. कोचबाई तिच्या शेजारी उकिडव्या बसून पाठ चोळत होत्या आणि काहीतरी गोड सांगत होत्या: छान पोहलीस, शेवटची फेरी काय मारलीस.

“किती?” भिंगरी विचारत होती. “बाई, किती ते सांगा ना.”

कोचबाईंनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी वाकून घड्याळाची पाटी वाचली.

“एक चाळीस आणि सहा दशांश,” मास्तर म्हणाले.

“म्हणजे नाही.”

“नाही.”

टॉवेलखाली तिचे खांदे एकदा हलले. पुढच्या मुलाची शिट्टी झाली, पाणी उसळलं, तिच्या पायांवर शिंतोडे आले.

“दोरीला घासले मी,” ती म्हणाली. “त्यात गेले असतील.”

मास्तर तिच्याशेजारी ओल्या फरशीवर बसले. पॅन्ट भिजली. “त्यात चार दशांश गेले असतील. दोरीचं तू तुझं बघ. पण वळताना सेकंदभर गेला, तो माझ्यामुळे. मी उशिरा टेकवलं. तुझा हात शिरला तेव्हाच टेकवायला हवं होतं. मी वाट बघत बसलो. माझी चूक.”

एकतीस वर्षांत तो शब्द त्यांनी स्वतःच्या नावावर पहिल्यांदा टाकला होता. छत कोसळलं नाही, घड्याळं थांबली नाहीत. फक्त बहीण मागे येऊन उभी राहिली होती, तिने तोंडावर पदर दाबला.

भिंगरीने पाण्याकडे तोंड वळवलं. मग तिने विचारलं, “किती उशिरा?”

“अर्धा हात.”

“आधी हातभर लवकर असायचास.”

“हो.”

“म्हणजे दीड हात सरकलास तीन आठवड्यांत.” ती नाक ओढत होती, पण आवाज हिशेबाला लागला होता. “आता अर्धाच उरलाय. वर्ष आहे आपल्याकडे.”

“वर्षभराने आईचा हात बरा असेल,” मास्तर म्हणाले. “आई उभी राहील. तिचं चुकत नाही.”

“आईचं चुकत नाही, पण का चुकत नाही ते तिलाही सांगता येत नाही.”

“बघा, आणि हिला मी नऊ महिने वाहिली,” बहीण पदराआडून म्हणाली.

“तुझं किती चुकतं ते आपल्याला माहितीय, मामा. ते कमी करता येतं.” तिने काखेतली बोटं बाहेर काढली. मधलं बोट सुजून जांभळं झालं होतं. मास्तरांनी ते हळूच चाचपलं. दुखलं तरी तिने हात काढून घेतला नाही. “आणि एक. उद्यापासून मी गणिताच्या तासाला वर्गात बसणार. खालच्या खोलीत नाही. वर्षभर थांबायचं असेल तर मी रिकामी थांबणार नाही.”

“अगं, फळा, आकृत्या, ते सगळं तुला कसं...” मास्तरांचं वाक्य अर्ध्यावर आलं आणि तिथेच थांबलं. भिंगरीने मान त्यांच्याकडे वळवली होती आणि ती वाट बघत होती.

“तो सवलतीचा कागद उद्या सकाळी परत घेतो मी,” ते म्हणाले. “कसं करायचं ते मला माहीत नाही. चुकेन मी.”

“मी सांगेन ना,” भिंगरी म्हणाली.

कोचबाईंनी टाळी वाजवली. “पुरे झाली बैठक. अंग गार पडेल. बाजूचा तलाव मोकळा आहे, दोनशे मीटर सावकाश पोहून घे. बोट पाण्याबाहेर ठेवायचं नाही, पाण्यात ठणक कमी होते. तिकडे पलीकडच्या टोकाला मी उभी राहते. इकडे कोण?”

भिंगरी उठली, टॉवेल आईच्या अंगावर टाकला आणि काळा चष्मा डोळ्यांवर ओढला. मास्तर उठले. पॅन्टमधून पाणी निथळत होतं. छोट्या तलावाच्या काठावर जाऊन ते ओणवे उभे राहिले, आणि समोरून येणाऱ्या त्या खांद्याकडे बघू लागले.